उलटं छापलंय, ताई

मी कालिनाला, मुंबई विद्यापीठात रशियनमध्ये एमए करतेय. असाइनमेंटची हार्ड कॉपी द्यायची होती आणि घरचा प्रिंटर दिवाळीपासून रुसलेला, म्हणून सकाळी ठाण्यात नौपाड्यातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेले. २४ पानं, २ रुपये पान, म्हणजे ४८ रुपये. पेनड्राइव्ह देऊन शेजारी चहा घ्यायला गेले, तेवढ्यात झालं सगळं.

परत आले तर दुकानातला दादा एकदम खुशीत. "ताई, तुमची फाइल उलटी झालेली. मी मिरर मारून सरळ केली."

ह्या दुकानात मगवर, टी-शर्टवर फोटो पण छापून देतात आणि त्यासाठी प्रिंट उलटी काढावी लागते, त्यामुळे मिररचं सेटिंग त्याच्या हाताशीच होतं. रशियन लिपीत एक अक्षर आहे, 'या', ते दिसतं इंग्लिश आर आरशात पाहिल्यासारखं. दुसरं 'ई', ते उलट्या एनसारखं. स्क्रीनवर हे दिसल्यावर ह्याने ठरवूनच टाकलं की बाईची फाइल करप्ट आहे. आणि चोवीसच्या चोवीस पानं उलटी करून स्टेपल पण मारून ठेवली, उजवीकडून!

"अहो दादा, ही रशियन आहे, ती अशीच असते."

"अशी कशी असेल ताई? वाचणार कशी?"

इथे काका आले. म्हणजे ते आधीपासूनच होते, आधारच्या झेरॉक्ससाठी, दोरीचा चष्मा, काखेत प्लास्टिकचं फोल्डर. त्यांनी न विचारता माझा गठ्ठा उचलला, चष्मा चढवला आणि बोट ठेवून म्हणाले, "आता तर नीट आलंय की. हा बघ आर. हा एन. अगदी स्वच्छ."

मी म्हटलं, काका, ते आर आणि एन नाहीयेत.

"बाळ, मी वागळे इस्टेटला अख्खी नोकरी केली, मशीनवर रशियन पाट्या असायच्या. आपल्या पवईची आयआयटी कोणी उभी केली? रशियाने."

हे खरंय. १९५८ ला आयआयटी सुरू झाली तेव्हा युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत मदत आली होती, तिथून प्राध्यापक आले, यंत्रं आली. पण त्याचा माझ्या स्टेपलशी काय संबंध? काकांच्या मते होता. ज्यांनी आयआयटी उभी केली ते लोक उलटं कशाला लिहितील, असा एकूण मुद्दा.

मग मी पान नंबर दाखवले. म्हटलं हा सात बघा, आकडे तर सगळीकडे सारखेच ना, हा उलटा झालाय ना? दादाने वाकून पाहिलं, काकांनी पाहिलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दादा म्हणाला, "नंबर तुमच्या फाइलमध्येच चुकलेत ताई."

आता मागे लाइन लागलेली. त्यातल्या एका काकूंनी विचारलं मेडिकलला चाललीस का गं? कारण रशियन म्हटलं की आपल्याकडे एकतर एमबीबीएस नाहीतर लग्नातलं सॅलड. (ते सॅलड मॉस्कोत ऑलिव्हिए नावाच्या माणसाच्या हॉटेलात १८६० च्या दशकात जन्माला आलं, आणि तिथे ते त्याच्याच नावाने ओळखतात. अननस आपला.) मेडिकल नाही, भाषा, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, स्कोप काय? त्यापुढचा, जर्मन का नाही केलंस? तीन लिंगं, सहा विभक्त्या, पायी जाण्याचं क्रियापद वेगळं आणि गाडीने जाण्याचं वेगळं, त्यात परत नुसतं जाण्याचं एक आणि जाऊन-येऊन करण्याचं दुसरं, हे सगळं डोक्यात घेऊन मी ठाणे-कुर्ला लोकलमध्ये एका पायावर उभी असते, आणि घरच्या समारंभात मला काय सांगतात, तर "रशियनमध्ये काहीतरी बोलून दाखव ना". सीए करणाऱ्या मावसभावाला कोणी बॅलन्सशीट म्हणून दाखव सांगत नाही. मी कंटाळलेय ह्याला, खरंच.

आणि असाइनमेंट तरी कशावर? अफनासी निकितिनवर. पंधराव्या शतकातला, रशियातल्या त्व्येर गावचा व्यापारी, वाटेत लुटला गेला तरी इराणमार्गे, समुद्रातून आपल्या चौलला उतरला, विकायला एक घोडा घेऊन. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, अलिबागवरून वीकेंडला मुरुडला जाणारे त्याच्या जवळूनच जातात आणि कोणालाही पत्ता नसतो. हा जुन्नरला पोचला तर तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला, म्हणे धर्म बदल नाहीतर घोडा विसर. शिवाय हा गोरा म्हणून जिथे जाईल तिथे लोक मागे मागे, टक लावून बघत. त्याने तसं लिहूनच ठेवलंय, जुन्नरच्या पावसाची आणि चिखलाची कुरकुर पण आहे. मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

हे मी काकांना थोडक्यात सांगितलं, म्हटलं इंटरेस्ट वाटेल. ते म्हणाले, "पण आता तर मोबाइलच ट्रान्सलेट करतो ना."

शेवटी दादाने पुन्हा प्रिंट काढली, सरळ, म्हणजे त्याच्या मते उलटी. "९६ झाले."

"९६ कसे? चूक तुमची ना?"

"ताई, कागद गेला, टोनर गेला. मी तर मदत केली."

काका लगेच त्याच्या बाजूने. "देऊन टाक गं. गरीब माणूस आहे, मेहनत केली त्याने." गरीब माणसाच्या दुकानाला एसी होता. मागून काकू म्हणाल्या, जरा आटपा, पेन्शनचं काम आहे. ठाण्याहून सुटणारी स्लो गेली तर पुढच्या गाडीत श्वास घ्यायलाही जागा मिळत नाही, म्हणून गपचूप जीपे केलं. निकितिनला निदान एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला. माझ्यासाठी मध्यस्थी करायला काका होते.

उलटा गठ्ठा मी पिशवीत घालणार तोच काकांनी हात पुढे केला. "हे तुला काय कामाचं? मागची बाजू कोरी आहे, नातवाला रफला होईल."

माझे ४८ रुपये काकांच्या फोल्डरमध्ये गेले. आणि फोल्डरचं बटण लागेना म्हणून माझ्याकडे रबरबँड मागितला.