जॉइंट डिग्री म्हणजे धड ना हे, धड ना ते?

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्यामुळे उत्तरही ऐसपैस देतो. सिव्हिल इंजिनिअरिंग आणि अर्बन प्लॅनिंग (शहर नियोजन) या दोन मास्टर्स एकत्र करण्याबद्दल मी जे लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: ज्याचं काही ठरत नाही त्याचा हा उद्योग, प्लॅनिंगच्या स्टुडिओत नुसते नकाशे रंगवतात, आणि लागेल तेवढं प्लॅनिंग चार वर्षं काम केलं की आपसूक कळतं.

त्या रंगवलेल्या नकाशांपासूनच सुरुवात करू. पावसाच्या पाण्याचा पाइप ठरवताना आपण रॅशनल मेथड वापरतो: क्यू = सी × आय × ए. क्यू म्हणजे वाहून येणारं पाणी. आय, म्हणजे पावसाचा जोर, नोंदींतून मिळतो; ए, म्हणजे क्षेत्रफळ, मोजता येतो. सी, म्हणजे पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो तो आकडा, मात्र जमिनीवर काय असणार यावर ठरतो. बागेला 0.10 ते 0.25, गजबजलेल्या व्यापारी भागाला 0.70 ते 0.95. नकाशातला हिरवा तुकडा, म्हणजे बाग, व्यापारी झाला की तोच पाऊस, तीच जमीन, पण पाणी चौपट. पाइपवाला सी टेबलातून उचलतो आणि पुढे सरकतो. नकाशा रंगवणाऱ्याने ते टेबल बहुधा पाहिलेलंही नसतं. दोघांची कामं चोख, आणि रस्ता तुंबलेला.

आता अनुभवाचा मुद्दा. साइटवर माणूस पुष्कळ शिकतो, वाद नाही. पण त्याच्या हातात काम येतं तोवर काय मोजायचं हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. चौकाचा लेव्हल ऑफ सर्व्हिस घ्या, म्हणजे तिथे वाहतूक किती सुरळीत चालते याची ग्रेड. सिग्नलवर वाहनाचा सरासरी खोळंबा 80 सेकंदांच्या वर गेला की ग्रेड 'एफ', सगळ्यात वाईट. हिशेब बिनचूक, पण त्यात रस्ता ओलांडायला ताटकळलेली माणसं कुठेच नाहीत. कॅलिफोर्नियात नव्या बांधकामांच्या पर्यावरण परीक्षणासाठी वर्षानुवर्षं हेच माप चाललं. परिणाम उफराटा: स्टेशनजवळच्या इमारतीला अडचण, कारण तिथले चौक आधीच भरलेले, आणि शहराबाहेर मोकळ्या रस्त्यावरची वसाहत सहज पास, जिथले रहिवासी दररोज मैलोन् मैल गाडी हाकणार. 2013 च्या एसबी 743 कायद्याने हे बदलायला घेतलं, आणि 1 जुलै 2020 पासून राज्यभर खोळंब्याऐवजी वाहनांनी कापलेलं एकूण अंतर मोजलं जाऊ लागलं. खोळंबा मोजण्यात मुरलेल्या माणसाला 'हे मोजायचंच कशाला?' हा प्रश्न सहसा पडत नाही. मला तरी जॉइंट डिग्रीचं मोल या प्रश्नातच दिसतं.

बीम, पाया, काँक्रीट यांत रमणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्लॅनिंगची जोड ट्रान्स्पोर्टेशन इंजिनिअरिंगशी आहे, ती उगाच नाही. वाहतूक आणि पाणी, खरा उपयोग तिथे.

यात खर्च जास्त होतो, हेही तुमचं बरोबर. काही क्रेडिट दोन्हीकडे धरली जातात म्हणून एकत्रित अभ्यासक्रम सहसा अडीच-तीन वर्षांत उरकतो, पण एकट्या सिव्हिलपेक्षा ते जास्तच. शिवाय अमेरिकेत पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्ससाठी परीक्षा आणि साधारण चार वर्षांचा अनुभव लागतो, प्लॅनिंगच्या डिग्रीने त्यात सूट मिळेल या भ्रमात राहू नये. आणि दोन विभागांत राहणं दमवणारं असतं. एक गाइड विचारणार 'मॉडेल कॅलिब्रेट केलं का, म्हणजे प्रत्यक्ष मोजमापांशी जुळवून पाहिलं का?', दुसऱ्या विचारणार 'तिथल्या लोकांशी बोललात का?' आणि दोन्ही प्रश्न रास्तच असतात.

तुमच्या हाताखालच्या मुलीला काय सांगू, असं शेवटी विचारलंयत. तिचा कल वाहतुकीकडे असेल तर जरूर जाऊ द्या. फक्त अर्ज करण्याआधी तिने दोन्ही विभागांना विचारावं: प्रवेश वेगवेगळा घ्यावा लागतो का (बहुतेक ठिकाणी लागतो), नेमके कोणते विषय दोन्हीकडे धरणार, आणि थिसिस एक की दोन. उत्तरं लेखी घ्यावीत.