केंद्र दिले असता वर्तुळ काढा

लिफ्टमध्ये आम्ही पाच जण होतो आणि सहावा वास.

पहिल्या मजल्यापर्यंत सगळे सभ्यपणे वरचे आकडे बघत होते. दुसऱ्याला एका वहिनींनी ओढणी नाकाला लावली. तिसऱ्याला मग एकाने धीर केला. त्याने आरशाला हात टेकला, एक पाय मागे दुमडला आणि मान वळवून आपल्या बुटाचा तळ पाहिला. तो निर्दोष निघाला. ते बघून दुसऱ्याने पाहिला, मग तिसऱ्याने. क्षणभर त्या डब्यात बगळ्यांचा थवा उतरल्यासारखं दिसत होतं. प्रत्येक निर्दोष माणूस पाय खाली ठेवताना माझ्याकडे बघत होता. मी काही पाय उचलला नाही. छत्तीस वर्षं गणित शिकवलंय. पाचातून चार गेले की किती उरतात, हे मला करून बघावं लागत नाही.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि सगळ्यांना एकदम चौथ्यावरच काम निघालं.

"आधी तो बूट बाहेर," बायको दाराच्या साखळीआडून म्हणाली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

बूट नवे होते. लेकीने वाढदिवसाला दिलेले. "बाबा, ह्याची ग्रिप बघा," असं ती कौतुकाने म्हणाली होती. तळाला षटकोनांची जाळी आणि प्रत्येक षटकोनात एक त्रिकोण. भूमितीच्या मास्तराला याहून सुंदर भेट कुठली, असं मीही त्या दिवशी म्हणून गेलो होतो. आता मोरीत पाटावर बसून मी त्यातला एकेक त्रिकोण खराट्याच्या हिराने कोरत होतो. हीर चौथ्या षटकोनात मोडला. मग दुसरा हीर, मग जुना टूथब्रश (कुणाचा ते विचारलं नाही), मग डेटॉल, शेवटी उकळतं पाणी. उकळतं पाणी ओतू नये, एवढं ज्ञान मी इथे फुकट देतो. झोपलेला वास जागा होतो.

"कोणाचा आहे तरी कळलं का?" बायकोने बाहेरून विचारलं.

जणू त्यावर सही असते.

आमची जुनी इमारत तीन मजली होती. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, अठरा बिऱ्हाडं आणि कुत्रा एक. मोती. तोही कुणाचाच नव्हता, म्हणजे सगळ्यांचा होता. शिळी पोळी खायचा, जिन्याखाली झोपायचा आणि आपला खासगी कार्यक्रम कुठे उरकायचा ते त्यालाच ठाऊक. अठरा बिऱ्हाडांपैकी एकानेही तो कधी पाहिला नाही. मग इमारत पाडली, पंधरा मजले झाले, लिफ्ट आली, आणि लिफ्टमधून कुत्री आली. ब्रुनो, कोको, सिम्बा, ऑस्कर. एक तर हस्की आहे. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला जन्माला आलेलं जनावर दादरला मे महिन्यात एसीखाली पाय पसरून पडलेलं असतं आणि संध्याकाळी खाली उतरलं की आमच्याकडे असं बघतं, की आपणच काहीतरी चूक केली आहे असं वाटावं. या मंडळींशी माझं वाकडं नाही. सगळी गोड आहेत. माझी तक्रार दोरीच्या दुसऱ्या टोकाबद्दल आहे.

ही दोरी हल्ली लांबते. मुठीत एक डबी असते, बटण दाबलं की आतून चार-पाच मीटर दोरी सुटते. म्हणजे मालक केंद्रस्थानी, दोरी ही त्रिज्या आणि कुत्रा परिघावर. परिघावर जे काही घडेल त्याच्याशी केंद्राचा काही संबंध नाही, असा या भूमितीचा नवा सिद्धांत आहे.

डॉक्टरांनी मला रोज सकाळी पार्काला तीन फेऱ्या मारायला सांगितल्या आहेत. कट्ट्याची एक फेरी १.१७ किलोमीटरची, म्हणजे तिनांचे साडेतीन झाले. १९२७ साली माहीम पार्कचं नाव बदलून शिवाजी पार्क झालं, तेव्हापासून किती पिढ्यांनी इथे मान वर करून फेऱ्या मारल्या असतील. मी खाली बघत चालतो. ओळखीचे लोक म्हणतात, "सर, हल्ली गप्प गप्प असता." गप्प नसतो हो, अभ्यास चालू असतो.

आणि पार्कापर्यंतच्या गल्लीत अभ्यासाला मुबलक सामग्री आहे. कुत्र्याने एकदा पाठीची कमान केली, की मालकात काय बदल होतो तो पाहण्यासारखा असतो. एरवी "बाळा, इकडे ये", "सोन्या, दगड नाही खायचा" असं अखंड संभाषण चालू असतं. ते थांबतं. सोन्याशी ओळखच नसल्यासारखा चेहरा होतो. एक गृहस्थ त्या अर्ध्या मिनिटापुरते वनस्पतिशास्त्रज्ञ होतात आणि वरच्या पर्जन्यवृक्षाची पानं न्याहाळतात. एक ताई मोबाइल कानाला लावून "हॅलो? हॅलो?" करतात. त्यांचा फोन मी एकदा त्याच वेळी त्यांच्या कानाशीच वाजताना ऐकला आहे. तिसरे एक आहेत, त्यांच्याकडे पिशवी असते. खरंच असते. ते ती खिशातून काढतात, फडकवतात, मागेपुढे बघतात. कुणी बघत असेल तर वाकतात. कुणी नसेल तर घडी घालून पुन्हा खिशात. गेल्या दिवाळीपासून तीच पिशवी आहे, घडीच्या रेषा मला पाठ झाल्या आहेत.

पाच कुत्री एकदम फिरवणारा एक मुलगाही येतो. कानात इअरफोन, हातात पाच दोऱ्यांची मोळी. त्याला मी हटकलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, मला फिरवायचे पैसे मिळतात. उचलायचे नाही." हे मला पटलं. आमच्या शाळेतही शिकवायचा पगार होता, समजायचा नव्हता.

बाकीच्यांशी बोलून पाहिलं. एकाने पर्यावरणाचा मुद्दा काढला. "सर, २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. कशात उचलणार?" हे सांगताना त्यांच्या मनगटाला मासळीबाजारातून आलेली पातळ काळी पिशवी लोंबत होती. वर्तमानपत्र चालेल म्हटलं, तर आता सगळं मोबाइलवरच वाचतात. दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, "खत होतं हो त्याचं. झाडांना चांगलंच की." मी म्हटलं, गाय गवत खाते, तिच्या शेणाने आपण अंगण सारवतो. तुमचा ऑस्कर चिकन आणि अंडी खातो. त्याच्या ऐवजाने कुणी अंगण सारवल्याचं ऐकलंय? वर त्यात गोलजंतांची अंडी असू शकतात, ती मातीत महिनोन्‌महिने तग धरतात आणि मुलं त्याच मातीत खेळतात. बाई दुखावल्या. "आमच्या ऑस्करचं दर तीन महिन्यांनी डीवर्मिंग होतं," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत असं पाहिलं की माझं झालं आहे का हा प्रश्न हवेत राहिला.

सगळ्यात मोकळा निघाला माझाच एक जुना विद्यार्थी, नवव्या मजल्यावरचा. आठ वर्षं न्यूयॉर्कला होता, आता ब्रुनो नावाचा गोल्डन रिट्रीव्हर घेऊन परत आला आहे. तिथे १९७८ पासून कायदा आहे, ज्याचा कुत्रा त्याने उचलायचं. मी विचारलं, "तिथे काय करायचास?"

"उचलायचो ना सर. रोज. बर्फातसुद्धा."

"मग इथे?"

तो मनापासून हसला. "इथे कोण उचलतं, सर?"

कायदा इथेही आहे, बरं का. २००६ च्या स्वच्छतेच्या उपविधींत रस्त्यावर थुंकलात तर २०० रुपये आणि पाळीव प्राण्याने घाण केली तर ५००, असा दर लिहिलेला होता. पण दंड करायला आधी पकडावं लागतं, आणि कुत्र्याचा कारभार अर्ध्या मिनिटात आटोपतो. तेवढ्यात पावतीपुस्तकही उघडत नाही. गल्ली झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या ते जास्त खरं. "सर, आम्ही सातच्या आत झाडून निघतो. ह्यांची कुत्री सातनंतर उठतात."

मग मी खडू काढला.

निवृत्तीच्या दिवशी सहशिक्षकांनी गमतीने खडूंची अख्खी पेटी दिली होती. ती माळ्यावर पडून होती. ठरवलं, जिथे दिसेल तिथे भोवती वर्तुळ काढायचं. लोकांना दिसेल, पाय पडणार नाही आणि मालकाला लाज वाटेल. हातानेच वर्तुळ काढायचं म्हणजे कौशल्याचं काम. पण फळ्यावर केंद्र शोधत बसावं लागायचं, इथे ते आधीच दिलेलं असायचं. पहिल्या दिवशी सात काढली. दुसऱ्या दिवसापासून बाजूला तारीख आणि वेळ लिहू लागलो. सवयीने एकदा शेजारी 'त्रि. = १५ सेंमी' असंही लिहिलं गेलं.

लाज कुणाला वाटली नाही. मात्र इतर बरंच काही झालं. पोरांनी दोन वर्तुळांमध्ये रेघ ओढून लंगडीचा पट केला. अमावास्येला समोरच्या इमारतीतल्या एक आजी एका वर्तुळाला दुरून नमस्कार करून वळसा घालून गेल्या. कुणीतरी करणी केली आहे, असं त्यांनी घरी सांगितलं. वॉचमन रोज सकाळी मला रिपोर्ट देऊ लागला: "सरजी, गेट के पास एक नया है, अभी गरम है." आणि मी, खोटं कशाला सांगू, खडू घेऊन उत्साहाने निघायचो. बायको म्हणाली, "अहो, निवृत्तीनंतर लोक चित्रकला शिकतात." मी म्हटलं, मग हे काय आहे?

तिसऱ्या आठवड्यात सोसायटीची नोटीस लागली. मला वाटलं, चला, एकदाची जाग आली. चष्मा लावून वाचली. 'काही सभासद आवारातील फरशीवर व प्रवेशद्वारालगत खडूने आकृत्या काढत असल्याचे निदर्शनास आले आहे. सार्वजनिक ठिकाणी दिसणाऱ्या मालमत्तेचे विद्रूपीकरण हा १९९५ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' नोटिशीच्या बरोबर खाली, दोन फुटांवर, माझं त्या सकाळचं वर्तुळ होतं. त्याच्या केंद्राबद्दल नोटिशीत अवाक्षर नव्हतं.

सेक्रेटरींना भेटलो. त्यांचा स्वतःचा एक पग आहे, दमेकरी. ते म्हणाले, "सर, तुमची भावना समजते. पण पाहुणे येतात. गोल काढला की नजर नेमकी तिथेच जाते हो."

मी चार दिवस खडू बंद ठेवला. रागाने म्हणा, १९९५ च्या कायद्याला मान म्हणून म्हणा. फेऱ्या चालू होत्या, बूट वाळत होते, मी चपला घालून जात होतो. पावसाचे दिवस, त्यामुळे आधीची वर्तुळं पुसली गेली होती, केंद्रं मात्र पसरली होती.

पाचव्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरचा तो भेटला. हातात ब्रुनो, चेहरा उतरलेला.

"सर, एक बोलू का? राग मानू नका," तो म्हणाला. "काल संध्याकाळी तुम्ही गेटजवळचा गोल काढला नव्हतात."

"नाही काढला. का?"

"आईचा पाय पडला हो त्यात. नव्या चपला होत्या. पंचाहत्तरीची आहे ती, घसरली असती तर?" तो जरा थांबला. वर्गात गृहपाठ न आणलेल्या मुलाशी मी ज्या सुरात बोलायचो, अगदी त्याच सुरात पुढे म्हणाला, "आम्हाला सवय झालीये ना सर तुमच्या गोलांची. आम्ही बघून चालतच नाही आता."

"ब्रुनोचंच होतं का ते?"

"हो ना. म्हणून तर तिला जास्त वाईट वाटलं."

आणि मी त्याला चक्क "सॉरी" म्हणालो. तळमजला आला, दार उघडलं. ब्रुनोने जाता जाता माझा हात चाटला आणि त्याला ओढत थेट गेटजवळ जाऊन पाठीची कमान केली. माझा विद्यार्थी वर पर्जन्यवृक्षाकडे बघू लागला. मी खिसा चाचपला, खडूचा एक तुकडा होता.