बकुळा नावात वाईट काय आहे?

बारशाला बकुळा नाव सुचवलं की लगेच नाकं मुरडायची! 'शी, म्हातारीचं नाव!' अहो, म्हातारी काय जन्मतःच म्हातारी होती? तीही पाळण्यातच होती ना?

मालवण-वेंगुर्ल्यात ओवळीचं, म्हणजे बकुळीचं फूल माहीत नाही असं कोण आहे? नखाएवढं, मळकट पांढरं, चांदणीसारखं. झाडाखाली सडा पडतो. मधोमध आपसूक भोक असतं, त्यात दोरा घालायचा की झाला वळेसर, म्हणजे गजरा. दोन-चार दिवसांत तपकिरी पडतो, पण वास जात नाही. लुगड्याच्या घडीत ठेवा, महिन्यांनी घडी उलगडा, घमघमाट तसाच! आणि हे नाव जुनाट?

मग म्हणे इंग्रजीत 'ळ' नाही, 'बकुला' होतं. काळे, टिळक आडनावं लिहितातच ना? शाळेत पहिल्या दिवशी दोनदा नीट सांगायचं, मिटलं.

आणि घाई तरी कसली? जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, नाव नोंदीत 12 महिन्यांपर्यंत बिनफी घालता येतं. तेवढ्या वेळात मोबाईलवरच्या याद्या सोडून घरातल्या आजीला एकदा विचारवत नाही? अंगणात ओवळ उभी आहे आणि मुलीचं नाव मायरा!