फडकं कोरं राहिलं म्हणजे काही निघालं नाही, असं नाही

नमस्कार काका,

गाडीवरचे ओरखडे आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत की त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी ती थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे १९९४ पासून पांढरी मारुती ८०० होती. दर दिवाळीला तुम्ही तिला रबिंग (कंपाऊंड नावाची खरखरीत पेस्ट लावून घासणं) करून घ्यायचात, फडक्याला पांढरा मळ यायचा आणि गाडी लखलखायची. आता पाच वर्षं करड्या मेटॅलिक रंगाची गाडी आहे, तिलाही तेच करता. हिच्या वेळी तर फडक्याला रंगाचा कणही लागत नाही, म्हणजे रंगाला धक्का लागतच नाही, असं तुमचं म्हणणं. तेव्हा ‘दरवर्षी रबिंग नको’ असं लिहून मी लोकांना घाबरवतोय आणि क्लिअर कोटचं प्रस्थ कोटिंग विकणाऱ्यांनी माजवलंय, असंही तुम्ही म्हणता. शिवाय नखाला लागणारा चरा निघत नाही असं मी ठामपणे लिहिलं होतं, पण तुमच्या दारावरचा तसाच चरा गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात घालवला.

नखाचं आधी. तिथे तुमचं बरोबर आहे आणि मी चुकीचं लिहिलं. नख फार संवेदनशील असतं, अगदी थोड्या मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाचही त्याला कळते. त्यामुळे नख अडकलं म्हणजे चरा रंगापर्यंत पोचलाच, असं होत नाही. लेखातलं ते वाक्य मी आजच बदलतोय. त्यापेक्षा भरवशाची खूण पाण्याची. चरा स्वच्छ धुवायचा आणि ओला असतानाच बघायचा. पाण्याखाली तो दिसेनासा झाला तर बहुतेक वेळा तो वरच्या पारदर्शक थरातच आहे आणि पॉलिशने निदान पुसट होईल. ओल्यातही पांढरी किंवा करडी रेघ तशीच राहिली तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, उघडा पडलाय. तिथे कितीही घासा, रंग परत येणार नाही, टचअपच करावं लागेल.

आता फडक्याचं. काका, तुमच्या सगळ्या म्हणण्याचा पाया हे फडकं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मारुतीच्या फडक्याला लागायचा तो नुसता मळ नव्हता, त्यात रंगच होता. त्या काळच्या पुष्कळ साध्या पांढऱ्या, लाल गाड्यांवर वरचा थर एकच असायचा. रंगही त्यातच आणि चमकही त्यातच. उन्हापावसाने त्याचा वरचा पापुद्रा मरायचा, नुसता हात फिरवला तरी बोटांना खडूसारखी भुकटी लागायची. रबिंगने तो मेलेला पापुद्रा निघायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. खालीही तोच रंग असल्यामुळे वर्षानुवर्षं घासूनही गाडी पांढरीच राहायची. त्या गाडीला तुम्ही जे करत होतात ते अगदी योग्य होतं आणि वीस वर्षांचा तुमचा तो अनुभव खरा आहे.

करड्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. कारखान्यात तिचा सांगाडा आधी रंगाच्या हौदात बुडवून, विजेच्या साहाय्याने गंज रोखणारा थर चढवतात. त्यावर प्रायमर येतो. मग बेस कोट, म्हणजे तो करडा रंग आणि त्यातले ॲल्युमिनियमचे चमचमणारे कण. हा बेस कोट स्वतः अगदी मंद असतो, त्याला आपली चकाकी नसते. ती येते सगळ्यात वरच्या क्लिअर कोटमुळे आणि हा थर काचेसारखा पारदर्शक असतो. सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ४०-५० च्या आसपास. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर हा थर त्याहूनही पातळ. रबिंग करताना निघतो तो हाच. त्याला रंग नाही, मग फडक्याला कुठून लागणार? फडक्यावर दिसते ती कंपाऊंडची पांढुरकी साय आणि त्यातच तुमचा क्लिअर कोट मिसळलेला असतो. न दिसता जातो, म्हणून तर मला त्याची जास्त काळजी वाटते.

ओरखडा ‘भरला जातो’ हा समजही इथूनच येतो. पॉलिशने काहीही कायमचं भरत नाही. रस्त्यावरचा खड्डा बुजवायच्या ऐवजी सगळा रस्ताच खड्ड्याच्या तळापर्यंत खरवडून खाली आणावा, तसा हा प्रकार आहे. चरा तीन मायक्रॉन खोल असेल तर तो पुरता घालवायला आजूबाजूचेही तीन मायक्रॉन जातात. म्हणून समजूतदार कारागीर खोल चऱ्याच्या मागे लागत नाही. त्याच्या कडा तेवढ्या गोलसर करतो, प्रकाश कडांवर फुटायचा थांबतो आणि चरा असूनही डोळ्याला टोचत नाही. तुमच्या दारावरचा चरा खरोखर गेला, कडा मऊ झाल्या की नुसता झाकला गेला, हे फोटोवरून मला सांगता येणार नाही. काही पॉलिशमध्ये तेलं आणि मेण असतं, ते खाचेत बसतं आणि दोन-चार धुण्यांत निघून जातं. पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन ती जागा पुसलीत तर तेल-मेण निघतं, चरा परत दिसतो का ते तुम्हाला लगेच कळेल.

मी हे पुस्तकी ज्ञानातून लिहीत नाहीये. माझी पहिली गाडी गडद निळी मेटॅलिक होती. दोन वर्षं मीही हौसेने रबिंग करून घेतलं. तिसऱ्या वर्षी एका गॅरेजमध्ये मुलाने गोल फिरणारं मशीन आणि लोकरीचा पॅड घेऊन बोनेटवर जोर लावला. बोनेटला मधून एक उठावदार रेघ होती. अशा कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा भार नेमका तिथेच येतो. संध्याकाळी गाडी घरी आणली तर त्या रेघेवर चिंचोक्याएवढा फिका डाग. पाणी टाकलं की डाग नाहीसा व्हायचा, सगळं एकजीव दिसायचं. वाळायला लागलं की कडेकडेने परत उमटायचा. मी पाचसहा वेळा पाणी टाकून बघितलं. गॅरेजमध्ये म्हणाले, वॅक्स लावा, जाईल. तो जाणार नव्हता, कारण तिथला क्लिअर कोट संपून बेस कोट उघडा पडला होता. शेवटी सगळं बोनेट रंगवावं लागलं आणि नवा रंग शेजारच्या मडगार्डच्या रंगाशी कधीच पुरता जुळला नाही. मेटॅलिकमध्ये ते कण कसे बसतात यावर छटा बदलते, त्यामुळे कंपनीचा रंगाचा कोड तोच असूनही फरक दिसतो. कारखान्यातून आलेला रंग एकदाच मिळतो, हे मी त्या चिंचोक्याएवढ्या डागापाशी शिकलो.

आणि भोक पडेपर्यंत थर टिकला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. सूर्याची अतिनील किरणं शोषून घेणारी द्रव्यं याच थरात असतात. थर जितका पातळ, तितकं जास्त ऊन खालच्या रंगापर्यंत पोचतं. मग काही वर्षांनी टपावर, बोनेटवर पांढरट चट्टे येतात आणि कातडी सोलवटल्यासारखे पापुद्रे सुटतात. सिंहगड रोडच्या सिग्नलला उभं राहून दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांचे टप बघा, एखादा तरी असा दिसेल. अर्थात त्यामागे रबिंगच असतं असं मी म्हणणार नाही, पुण्याचं एप्रिल-मेचं ऊन एकटंही पुरेसं असतं. पण त्या उन्हात आपणच थर कमी करून गाडी उभी का करायची?

कोटिंगवाल्यांबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. सिरॅमिक कोटिंग लावलं की ओरखडे पडणार नाहीत, असं सांगणारा माणूस खोटं बोलतो. पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, हेच त्याचं मुख्य काम. टूथपेस्टचंही तुम्ही विचारलंत: दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या बंपरला घासून बसला असेल तर ती चालते, कारण तिथे वर चिकटलेलं काढायचं असतं. खऱ्या चऱ्यावर तिने घासू नका. नाना पेठेत बारीक पॉलिशची छोटी बाटली सहज मिळते, तीच आणा.

खरं तर दिवाळीच्या रबिंगची गरज निर्माण होते ती रोज सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गाडी पुसणारा येतो, एका बादलीत दहा गाड्या पुसतो. बांधकामांची आणि रस्त्यांची धूळ गाडीवर तशीच असते, त्यावर फडकं फिरतं आणि धुळीतली रेती पॉलिश पेपरचं काम करते. रात्री गाडीच्या दारावर मोबाइलचा टॉर्च धरून बघा, प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. टॉर्च सरकवला की जाळंही सरकतं. ओरखडे खरं म्हणजे सगळ्या दिशांनी असतात, प्रकाशाला वळसा घालणारे तेवढेच चमकतात. त्या माणसाचा यात दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. आमच्या पुसणाऱ्या दादांना मी दोन मायक्रोफायबर फडकी दिली आणि रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा आधी पाण्याने धूळ वाहवून मगच पुसायला सांगितलं, पैसे तेवढेच ठेवले. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर लगेच कोरडं करायचं, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके उन्हात बसतात आणि ते काढायला परत घासावं लागतं. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी भिजवून काढायची. एवढं सांभाळलं तर माझ्या अनुभवात तीन-चार वर्षांतून एकदा हलकं पॉलिश पुरतं.

तुमच्या गाडीला पाच रबिंग झाली आहेत. सहाव्याच्या आधी जाडी मोजून घ्या, एवढीच माझी विनंती. तुम्ही कोथरूडला राहता असं लिहिलंय, मी वारज्यात आहे आणि माझ्याकडे मोजायचं छोटं यंत्र आहे. ते सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं आणि पत्र्यावरच चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही. एखाद्या भागावर २०० मायक्रॉनच्या वर आकडा आला तर तो आधी कधीतरी रंगवलेला असणार. ८० च्या खाली आला तर तिथे मशीन लावू देऊ नका. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत गाडी घेऊन या, टप, बोनेट आणि चारही दारांचे आकडे तुमच्यासमोर कागदावर लिहून देतो.