पक्षी झाडावरच बसतात ना, मॅडम?

पुण्याच्या उपनगरातील एका टेकडीवर आम्ही सात-आठ जण गेली ११ वर्षे दर रविवारी पहाटे पक्ष्यांच्या नोंदी करीत आहोत. वाट ठरलेली असते, वेळ ठरलेली असते, आणि दिसलेला किंवा नुसता ऐकू आलेला प्रत्येक पक्षी, मग तो कावळा का असेना, संख्येसह आधी वहीत आणि मग ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवला जातो. या कामाचे पैसे आम्हाला कोणी देत नाही आणि आम्ही ते कधी मागितलेही नाहीत. ज्यांच्या हाती या टेकडीचे भवितव्य आहे त्यांनी तिथे कोण राहते हे एकदा वाचून पाहावे, एवढीच आमची अपेक्षा होती, आणि ती बाळगणे हा शुद्ध मूर्खपणा होता हे कळायला मला ११ पावसाळे लागले.

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस जेसीबी टेकडी चढतो. पावसाचे पाणी अडवायला सलग समतल चर खणले जातात, त्यांच्या मधल्या पट्ट्यांत खड्डे घेतले जातात, आणि ५ जूनपासून जुलैतल्या वनमहोत्सवापर्यंत कोणी ना कोणी ट्रॅक्टरभर रोपे, एक फलक आणि एक छायाचित्रकार घेऊन हजर होतो. हा सगळा सोहळा होतो तो माथ्यावरच्या उघड्या गवताळ पठारावर, कारण जिथे झाड नाही ती जागा रिकामी, अशी सर्वांची पक्की समजूत आहे. सरकारी दप्तरातही असे माळ बहुधा ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेले असतात. नेमक्या याच दिवसांत या पडीक जागेवर टिटवी खड्यांमध्ये चार अंडी घालून उन्हात बसलेली असते, हवेत कोलांट्या मारणाऱ्या डोंबारी चंडोलाचे वाटीएवढे घरटे गवताच्या बुंध्याशी दडलेले असते, आणि रातवा तर काडीचाही आधार न घेता थेट जमिनीवर अंडी घालतो. टिटवीने अंडी कुठे घातली यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसे माझ्या आजोळी होती; इथे ती अंडी जेसीबीच्या दातांखाली गेली तरी कोणाच्या खिजगणतीत नसते.

तीन वर्षांपूर्वी मी घरट्यांच्या जागा दाखवणारा नकाशा आणि पाच वर्षांच्या नोंदी घेऊन संबंधित कार्यालयात गेले. साहेबांनी कागद उलटेपालटे करून पाहिले, चहा मागवला आणि विचारले, ‘‘पण मॅडम, पक्षी झाडावरच बसतात ना? मग झाडे वाढली तर तुमचाच फायदा आहे.’’ बाजूच्या टेबलावरचे गृहस्थ हसले. गवत म्हणजे वाढायचे राहून गेलेले जंगल नव्हे, कमी पावसाच्या आपल्या पठारावर कुसळी आणि मारवेल ही गवते हीच मूळची वस्ती आहे, हे मी सांगत राहिले आणि साहेब घड्याळाकडे पाहत राहिले. वेताळ टेकडीपासून तळजाईपर्यंत माजलेली परदेशी ग्लिरिसिडिया, म्हणजे आपली उंदीरमारी, हीदेखील कोणा काळच्या सद्हेतूनेच लावली गेली होती ना? आता तिच्या सावलीत गवत धड वाढत नाही. यावर उत्तर मिळाले की यंदा आम्ही देशी झाडे लावणार आहोत. अहो, वडसुद्धा देशीच आहे, म्हणून तो कोणाच्या घरट्यात लावायचा का?

सर्वांत संताप येतो तो लोकजैवविविधता नोंदवहीचा. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून, स्थानिक लोकांना विचारून परिसरातल्या सजीवांची ही वही तयार करायची असते. वर्षानुवर्षे ते झाले नाही. मग २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून पुढे महिना १० लाख रुपयांचा दंड बजावला, तेव्हा देशभर एकच धावपळ उडाली. आमच्याकडूनही चार दिवसांत सगळ्या नोंदी द्या, असा निरोप आला. आम्ही रात्री जागून, प्रत्येक जातीपुढे महिना, जागा आणि अधिवास लिहून तक्ता दिला. छापून आलेल्या वहीच्या मुखपृष्ठावर मोर होता. आत धनेश होता, जो आम्ही या टेकडीवर एकदाही पाहिलेला नाही. टिटवी मात्र नव्हती. कंत्राटदाराने दुसऱ्या कुठल्या तरी गावची यादी उचलून चिकटवली होती, आणि आमचा तक्ता कोणत्या संगणकात पडला आहे हे आजतागायत कोणी सांगू शकलेले नाही.

वरून ऐकावे लागते ते असे, की तुम्ही पर्यावरणवाले असून झाडांना विरोध करता! सोसायटीतल्या काकू हल्ली माझ्याशी जरा जपूनच बोलतात. आमच्या बाजूचेही सगळे धुतल्या तांदळासारखे नाहीत, हेही सांगते: घरट्याची जागा गटात कळली की दुसऱ्याच दिवशी तिथे मोठमोठ्या लेन्सवाल्यांची जत्रा भरते, म्हणून आता आम्ही नेमकी ठिकाणे आपसांतच ठेवतो. म्हणजे कार्यालयाला सांगावे तर ते वाचत नाहीत, आणि मित्रांना सांगावे तर ते जरुरीपेक्षा जास्त वाचतात.

गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी बहुतेक मार्चपर्यंत वाळून गेली. ते खड्डे यंदा पुन्हा उकरले गेले आहेत आणि काल मला छापील निमंत्रणही आले आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, माथ्यावरच्या त्याच पठारावर, जिथे या महिन्यात आम्ही टिटवीची तीन घरटी मोजली आहेत, ‘निसर्गप्रेमी नागरिक’ म्हणून मी उपस्थित राहावे, येताना टोपी आणावी, अल्पोपाहाराची सोय केलेली आहे.