सोफा पालथा करून बघायचा असतो

परवा हॉलमधला सोफा एकदाचा बाहेर काढला. भंगारवाल्यानं पण नाक मुरडलं. "लोखंड नाही, लाकूड बी कसलं हे, बघा की ओ," म्हणत त्यानं कोपऱ्याची पट्टी एका हातानं मोडून दाखवली. आत नुसता दाबलेला भुसा. २०१९ च्या दसऱ्याला ५८,००० मोजून, हार घालून, पेढे वाटून आणलेला 'प्युअर लेदर' सोफा होता तो.

पोस्ट लांब आहे, कारण राग जुना आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. बावीस वर्षं लोकांचा माल नापास करून पोट भरतोय. कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) सुईच्या टोकाएवढं ब्लो होल, म्हणजे हवेचं छिद्र, दिसलं तरी लॉट परत. आणि हाच मी त्या शोरूममध्ये कसा वागलो? एसी होता, गार ताक आलं, सेल्समननं सीटवर थाप मारून "भाळ छलो ऐत्री सर (फार छान आहे सर), प्युअर लेदर" म्हटलं, आणि मी बायकोकडे बघून मान डोलावली. ना व्हर्नियर (जाडी मोजायचं माप), ना टॉर्च, ना खाली वाकून बघणं. तपकिरी घ्यायचा की काळा, एवढ्यावरच आमची चर्चा झाली. (तपकिरी. मळ दिसत नाही म्हणून.)

२०२२ च्या पावसाळ्यात बाबांच्या पांढऱ्या बंडीला मागून तपकिरी खपल्या चिकटायला लागल्या. आधी वाटलं कसला तरी किडा. मग सीटच्या कडेला नखाएवढं सोललेलं दिसलं, नातवानं ते ओढलं आणि कागदासारखी पट्टीच निघाली. खाली विणलेलं कापड. मी ती पट्टी कंपनीत नेऊन व्हर्नियरखाली धरली. कापडासकट जेमतेम ०.९ मिमी आणि त्यातला वरचा 'लेदर'चा थर पापडाच्या पापुद्र्याएवढा. दुकानात फोन केला तर म्हणाले, तुमच्या घरात ओल असेल. अहो, बेळगावात जुलैमध्ये ओल कुणाच्या घरात नसते? कपाटातला पट्टा हिरवा होतो इथं.

आता अथणीच्या मामांची गोष्ट. बाबा अथणीला शिक्षक होते तेव्हा शेजारी राहायचे, तेव्हापासून ते आमचे मामा. सगळं आयुष्य चपला करण्यात गेलं. सोफा आला त्याच दिवाळीला ते आले होते. बसले, अंगठ्यानं सीट दाबली, हातभर पुढे सरकून परत दाबली, मग चहा प्यायले. काही बोलले नाहीत. तीन वर्षांनी खपल्या बघून म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलेलं." मी म्हटलं, मग सांगितलं का नाही ओ मामा? "पैसे देऊन झालेले. सांगून तुझी झोप कशाला घालवू?"

मग त्यांनी तो अंगठा समजावून सांगितला. खरं कातडं दाबलं की अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात, आपल्या हाताच्या पाठीवर पडतात तशा, आणि दोन ठिकाणच्या सुरकुत्या एकसारख्या नसतात. रेक्झिन सबंध खळगा करून आत जातं आणि तसंच वर येतं. दुसरी खूण म्हणजे छिद्रं. जनावराच्या अंगावर केस कुठे दाट, कुठे विरळ, त्यामुळे छिद्रंही तशीच. मशीननं ठसा मारलेला असेल तर नक्षी वीतभर अंतरावर जशीच्या तशी परत येते. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा, दिसतं. एखादा ओरखडा, गोचिडीचा डाग दिसला तर मामा खूश होतात. मी तो 'डिफेक्ट' म्हणून नापास केला असता!

पण सगळ्यात भरवशाची जागा मागची बाजू. कुशनची चेन उघडायची आणि उलटं करून बघायचं. मागे लवदार, मखमलीसारखे तंतू असतील तर बहुतेक कातडं. विणलेलं कापड दिसलं तर विषय संपला. आता कुणी म्हणेल, बाँडेड लेदरमध्ये पण लेदर असतंच की. असतं. कातड्याचे तुकडे नि भुगा दळून, गोंद घालून, कापडावर थापून, वर पॉलियुरेथेनचा थर देऊन ठसा मारलेलं. खव्याची पावडर घालून केलेल्या कुंद्यासारखं (कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची दुधाची मिठाई). कुंदा म्हणून विकता येतो, पण खाणाऱ्याला कळतं. आणि तो पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू फुटतो. हवेतल्या पाण्याच्या वाफेनं त्याचे रासायनिक बंध तुटत जातात, घरात ओल असो वा नसो. म्हणजे दुकानदार अर्धं खरं बोलला होता, फक्त ते विकायच्या आधी बोलायला हवं होतं.

'जेन्युइन लेदर' या शब्दावर पण फार जाऊ नका. कातडं जाड असतं, ते आडवं चिरून थर काढतात. वरचा केसाकडचा थर मजबूत, त्याला फुल ग्रेन किंवा टॉप ग्रेन म्हणतात. खालचा तो स्प्लिट. त्याच्यावर रंगाचा जाड लेप देऊन नक्षी उठवली की तोही 'जेन्युइन'च. आणखी एक गंमत म्हणजे 'लेदर मॅच'. बसायच्या नि टेकायच्या जागी कातडं, बाजूला आणि मागे त्याच रंगाचं रेक्झिन. सांगून विकलं तर काही गैर नाही, माझी हरकत न सांगण्याला आहे. म्हणून बिलावर लिहून घ्या, कुठल्या भागाला काय लावलंय ते. 'लेदर फिनिश', 'लेदराइट', 'एअर लेदर' असलं काही लिहायला लागला की समजून जा. वासावर तर बिलकुल विश्वास ठेवू नका, कातड्याच्या वासाचे स्प्रे मिळतात. पाण्याच्या थेंबाचंही तसंच. लेप दिलेल्या खऱ्या कातड्यावरूनही थेंब घरंगळतो. त्यापेक्षा त्याच मालाचा बोटभर तुकडा मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला तर कातडं. वितळून काळा मणी झाला तर प्लास्टिक. तुकडा द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडून घेऊ नका.

मला खरी लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आम्ही कातड्याच्या मुलखातले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून. तिकडून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, इकडून बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. (सीमाप्रश्नात दोन्ही सरकारांनी एकाच कागदावर नांदायचं असं एवढं एकच प्रकरण मला आठवतं, आणि तेही चपलेमुळे.) बाभळीची साल नि हिरड्यात कमावलेलं कातडं, अथणी-निपाणीकडे घराघरांत शिवलेलं. ती चपल घेताना आमच्या बाबांची पिढी काय करते आठवा. उलटी करून तळ बघते, वाकवते, टाके मोजते, वास घेते, दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करते. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चपल दाखवली तेव्हा आम्ही सगळे इथं फेसबुकवर पेटलो होतो. मीही. आणि घरात सोललेल्या प्लास्टिकवर बसून पेटलो होतो!

असो. कातड्यापेक्षा आतल्या मालाबद्दल लोक कमी बोलतात. यावेळी मी दुकानात बॅगा मोजायचा हुकाचा काटा घेऊन गेलो. बायको चार पावलं मागे थांबली, ओळख दाखवेना. फोमची 'डेन्सिटी' म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन, किलोत. २२ बाय २२ इंच, ५ इंच जाडीची गादी ४० डेन्सिटीची असेल तर साधारण १.६ किलो भरते, ३२ ची असेल तर १.२५ च्या आसपास. मला "चाळीस आहे सर" म्हणून दाखवलेली कव्हर काढल्यावर ८०० ग्रॅम भरली. म्हणजे वीस! सेल्समन काट्याकडे असा बघत राहिला जसं मी सापच काढलाय. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. हलका फोमही कडक करता येतो, पण तो दोन वर्षांत बसतो. बसणाऱ्याच्या आधी तोच बसतो म्हणा.

मग सोफा पालथा करायला लावा. खाली काळं पातळ कापड स्टेपल केलेलं असतं, त्याच्या दोन-चार पिना काढून आत टॉर्च मारा. लाकूड कुठलं, जोड स्क्रूचे की नुसत्या पिनांचे, सीटखाली झिगझॅग स्प्रिंग की फक्त इलॅस्टिकचे पट्टे, सगळं तिथं उघडं पडतं. पहिल्या दुकानानं पिना काढू दिल्या नाहीत. दुसऱ्यानं स्वतः स्क्रूड्रायव्हर आणून दिला.

रिक्लायनर (पाठ मागे झुकते, पाय वर होतात ती खुर्ची) मात्र आईसाठी हवाच होता, गुडघे गेलेत तिचे. इथं माझं मत स्पष्ट आहे. पैसे कव्हरवर घालू नका, यंत्रावर घाला. रिक्लायनर हे फर्निचर कमी आणि मशीन जास्त. दहा वेळा उघडा-मिटा, कर्रकर्र ऐका, पाय टेकायची पाटी उघडी असताना बाजूला हलवून बघा, रिव्हेट ढिले असतील तर लगेच कळतं. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला सोबत न्या. आई पाच फुटांची. शोरूममधल्या भारीतल्या खुर्चीत तिचे पाय जमिनीला टेकेनात आणि डोक्याची उशी मान पुढे ढकलत होती. मला बसून तीच खुर्ची झकास वाटली होती. खटक्याचा दांडा ओढायला तिच्या मनगटात जोर नाही, म्हणून मोटरवाला घेतला, पण लाइट गेली तर? ओळखीच्या एका घरी आजोबा पाय वर होऊन पाऊण तास अडकले होते, शेवटी दोघांनी उचलून काढलं. बॅटरी बॅकअप आहे का ते विचारा, आणि प्लग काढून तिथंच चालवून बघा. भिंतीपासून किती जागा लागते तेही मोजून जा.

शेवटी आईला कापडी कव्हरचा रिक्लायनर घेतला आणि सोफा वडगावच्या सुताराकडून सागवानी चौकटीवर करून घेतला, तोही कापडीच. आमच्या पावसाला आणि आमच्या बजेटला खरं कातडं परवडत नाही, आणि खोटं परत नको. तीन अधिक दोनचा सबंध कातड्याचा सेट लाखाच्या आत कुणी देत असेल तर माझा तरी विश्वास बसणार नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावा, फक्त ओल्या भिंतीला चिकटून ठेवू नका, कोरड्या फडक्यानं पुसा, आणि डोकं टेकायच्या जागी टॉवेल घाला. खोबरेल तेल कातड्याला पण सोसत नाही. सॅनिटायझर तर लांबच ठेवा, करोनात मी रोज पुसत होतो, त्यानंही माझ्या सोफ्याचं आयुष्य कमी केलं असणार.

गेल्या रविवारी मामा आले होते. नव्या सोफ्यावर बसले आणि सवयीनं अंगठा लावला. "कापड आहे मामा," मी आधीच सांगून टाकलं.

जाता जाता, टिळकवाडी-अनगोळ बाजूला रिक्लायनरची मोटर दुरुस्त करणारा कुणी भरवशाचा माहीत असेल तर मला मेसेज करा. अजून बिघडलेली नाही, पण वॉरंटी एकच वर्षाची आहे.