मिलिटरी प्रिंट घातला की बदकाला आपण दिसत नाही?

थंडी सुरू झाली, उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला पाहुणी बदकं उतरली, की पुण्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: 'भिगवणला जाताय? मिलिटरी प्रिंट घाला, बदकाला रंग कळत नाहीत. होडी थव्यात घाला, उडतानाचे फोटो मिळतात. पाव टाका. लाइफ जॅकेट भडक दिसतं, वरून लपायची जाळी ओढा. बंदूक नाही, तर कायद्याची भीती कसली?'

रंग कळत नाहीत हे साफ खोटं. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, बदकाच्या डोळ्यात चार. शिवाय डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान न वळवता मागचंही दिसतं. 'चकाचक' करणाऱ्या पावडरीत धुतलेला कपडा उन्हात निळसर उजळतो, मग त्यावर पानं छापलेली असोत की फांद्या. जुना, विटका मातकट शर्ट पुरतो. (लष्कराचा 2022 पासूनचा डिजिटल पॅटर्न तर नोंदणीकृत आहे, तो अंगावर नकोच.)

बदक बिचकतं ते हालचालीला, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या आकृतीला. म्हणून उजाडायच्या आधी काठावर बसा, पाठीशी बाभूळ किंवा बेशरमाचं झुडूप ठेवून. झुडूप समोर असलं की लेन्ससाठी सारखं डोकावावं लागतं. चेहरा आणि हात झाका, तेच सगळ्यात जास्त चमकतात. वारा पाठीवर घ्या: बदकं वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उतरतात, म्हणजे तुमच्याकडे. काठाचा गाळ फसवा असतो. आधी काठीने चाचपा.

जाळीचा सल्ला सगळ्यात घातक. जॅकेट भगवं असतं ते पाण्यात पडलेला माणूस लांबून दिसावा म्हणून, आणि जाळी हातपाय गुंतवते. 21 मे 2024 ला उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून 6 जण गेले. म्हणून होडीत जॅकेट सगळ्यात वर, पट्टे आवळलेले. लपायची हौस काठावर भागवा.

पाव पाण्यात कुजतो, आणि चक्रवाक, थापट्या ही बदकं इथे त्यासाठी आलेली नसतात.

कायद्याचं म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. हाकणं आणि आमिष दाखवणंही तिच्यात येतं, नुसता प्रयत्नसुद्धा. 'पूर्वी परवाने मिळायचे' म्हणणाऱ्यांसाठी: शिकार परवान्यांची तरतूद 1991 च्या दुरुस्तीने गेली.

उठवलेला थवा चरणं सोडून उडतो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी जाळतो. होडी ठरवतानाच नावाड्याला सांगा: थवा दिसला की इंजिन बंद, पुढे वल्ह्याने, बदकांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या की तिथेच थांबायचं. बहुतेक नावाड्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. 'शंभर जास्त देतो, जरा आत घ्या' म्हणणारं गिऱ्हाईक पुण्याहून आलेलं असतं.